जुन्या ट्रॅक्टरला बॅटरी एक की दोन, आमचं कसं ठरलं

आमच्याकडं महिंद्राचा जुना बी-२७५ आहे, बाबांनी सेकंड हँड घेतलेला, आणि आला तेव्हापासून त्याला ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडलेल्या, म्हणजे मिळून १२ व्होल्ट. गेल्या हिवाळ्यात पहाटे स्टार्टर नुसता घरघर करून बसायला लागला. बेळगावजवळच्या खानापूरकडची डिसेंबरची थंडी इकडच्यांना माहीतच आहे. मग काय, रोज संध्याकाळी ट्रॅक्टर उताराला लावून ठेवायचा, आणि गल्लीत जो तो सल्ला द्यायला तयार. एकजण म्हणाला १२ व्होल्टच्या दोन घाल पॅरललमध्ये, ऊस ओढणाऱ्या अमक्याच्या ट्रॅक्टरला तशाच हायत. भावोजी म्हणाले घरात इन्व्हर्टरची १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) पडलीय की, तीच ठेव.

गावातला वायरिंगवाला मात्र वेगळंच बोलला, "बॅटरी मागनं बघू गा, आधी मीटर लाव, सुम्मने (उगाच) पैसे कशाला घालतोस." हा माणूस अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतो पण काम चोख.

मीटर लावला. उभ्या गाडीला दोन्ही मिळून १२.४ दाखवतंय, म्हणजे वरवर बघितलं तर ठीकच, साधारण पाऊण भरलेली. पण एकानं स्टार्टर मारायचा आणि दुसऱ्यानं मीटर बघायचा असं केलं तर आकडा ८ च्या आसपास पडतोय. साडेनऊच्या खाली गेलं की काहीतरी बिनसलंय असं धरायचं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून जी गरम होते तिच्यावरच डिझेल पेटतं, त्यामुळं इंजिन हळू फिरलं की दाब गळतो, उष्णता लोखंडातच जाते आणि नुसता पांढरा धूर येतो. म्हणून फिरण्याचा वेग महत्त्वाचा.

मग त्यानं मीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टर्मिनलवर आणि दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर धरली आणि परत स्टार्टर मारायला लावला. तिथं एक व्होल्टच्या वर! हे शून्याच्या जवळ पाहिजे, अर्ध्या व्होल्टच्या आत तरी पाहिजेच. हिशोब साधा आहे, स्टार्टर अडीचशे अँपिअर ओढत असेल आणि वाटेत ५ मिलिओहमचा अडथळा असेल तर सव्वा व्होल्ट तिथंच खलास, मग बॅटरी कितीही मोठी घाला. अर्थची केबल रंगाखाली, गंजावर आवळलेली होती आणि लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, आतून हिरवा पडलेला. बेळगावच्या उद्यमबागेतून ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल घेतली, लग तिथंच मशिनवर दाबून घेतले, बॉडीवरची जागा घासून चकचकीत केली. फरक लगेच जाणवला पण पूर्ण नाही.

कारण बॅटरीतही दोष होताच. काचेच्या नळीनं (हायड्रोमीटरनं) ॲसिड ओढून त्याची घनता बघितली तर दोन्ही बॅटऱ्यांच्या मिळून सहा सेलपैकी पाचात १.२४० च्या आसपास आणि एकात १.१५०. सीरिजमध्ये सगळा करंट त्याच एका मेलेल्या सेलमधून जाणार, त्यामुळं बाकीचे पाच चांगले असून उपयोग नाही. आणि एकच ६ व्होल्टची नवी घालून जुनीशी जोडणं मला पटलं नाही, दोघींचं चार्जिंग कधीच जुळत नाही.

दोन नव्या ६ व्होल्टच्या इकडच्या दुकानात तयार मिळेनात, ऑर्डर द्या म्हणाले. पॅरललमध्ये एएच वाढतं, व्होल्ट तेवढेच राहतात, आणि एक बॅटरी उतरली की ती दुसरीलाही ओढून खाली नेते. जास्त दिवे, म्युझिक सिस्टिम लावून रात्रभर ट्रॉली ओढणाऱ्याला ते ठीक, आम्हाला नांगरट आणि भाताची पोती वाहायची. इन्व्हर्टरवाली तर नकोच, तिच्या प्लेटा जाड असतात, हळूहळू खूप वेळ करंट द्यायला केलेल्या, एकदम दणका द्यायला नाही, आणि ट्रॅक्टरच्या हादऱ्याला उंच बॅटरी ट्रेमध्ये टिकायची नाही. भावोजी अजून थोडे रुसलेत.

शेवटी १२ व्होल्ट ८८ एएच, ट्रॅक्टरसाठीचीच, एकच.

घेताना एक गोष्ट बघा. आमच्या गाडीला पॉझिटिव्ह बॉडीला आहे, जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांना असतं तसं. दुकानातला पोरगा सवयीनं निगेटिव्ह बॉडीला लावायला निघाला होता, वायरिंगवाल्यानं हात धरला. पॉझिटिव्हचा खुंटा जाड असतो त्यामुळं क्लॅम्प बघूनही कळतं, आणि खुंटे डावीकडं की उजवीकडं तेही बघून घ्या नाहीतर केबल पुरत नाही. याच कारणानं बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवायचा विषय मी सध्या बाजूला ठेवलाय, तो बहुतेक निगेटिव्ह अर्थवाला असतो, उलटा जोडला की आतले डायोड क्षणात जळतात. डायनॅमो आयडलवर जवळपास काहीच देत नाही पण रेस दिली की १३.८ पर्यंत जातोय, आमच्या कामाला पुरतं.

आता थंडीत पहिल्याच दणक्याला चालू होतो, स्टार्टर मारताना १०.४ च्या खाली जात नाही. फक्त पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, तेव्हा बॅटरी उतरू नये म्हणून अर्थच्या केबलवर एक कट-ऑफ स्विच बसवायचा आहे, तेवढं रोहिणी लागायच्या आत करून घेणार.