आत्यासाठी दोन दिवसांचं नाशिक

आत्या आणि आतोबा सांगलीहून दोन दिवस येणार हे ठरलं, आणि कुठे-कधी जायचं ते बघायचं काम माझ्याकडे आलं. आत्याने फोनवरच यादी सांगितली: काळाराम, रामकुंड, सीतागुंफा, तपोवन, त्र्यंबकेश्वर, वणीची देवी आणि जमलं तर शिर्डी.

मी आधी अंतरं मांडली. त्र्यंबक नाशिकच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटर, वणीचा गड उत्तरेला सुमारे ६०, शिर्डी आग्नेयेला ९०च्या आसपास. तीन दिशांची तीन ठिकाणं दोन दिवसांत करायची तर देव कमी आणि खिडकीबाहेरचा रस्ताच जास्त दिसणार. शिर्डीवर तिने लगेच पाणी सोडलं. वणीसाठी मात्र मन वळवावं लागलं. "आत्या, गडावर आता ट्रॉली आहे, तुझ्या गुडघ्यांची काळजी नाही. पण त्यासाठी वेगळी ये," म्हटल्यावर ती तयार झाली.

मग वार. त्यांना रविवार-सोमवार सोयीचा होता. पण सोमवारी ज्योतिर्लिंगाच्या रांगेत वयस्कर माणसांना उभं करायला मला धीर होईना. मंगळवार-बुधवार ठरवला.

पहिली सकाळ पंचवटीची, आणि तीही पायी. माझं ठाम मत आहे की हा भाग रिक्षातून बघूच नये. रामकुंड, समोरच्या पायऱ्या चढून कपालेश्वर, खाली नारोशंकराचं मंदिर, वर काळाराम आणि सीतागुंफा, सगळं एकमेकांना लागून आहे. कपालेश्वरात महादेवासमोर नंदी नाही, हे आत्याच्या आत गेल्याबरोबर लक्षात आलं. नारोशंकराची घंटा वसईच्या पोर्तुगीजांकडून आलेली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाची. ती बघायला आतोबा बराच वेळ मान वर करून उभे होते.

काळारामाला मी मुद्दाम जास्त वेळ ठेवला होता. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ देखणं आहेच. पण २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिककरांनी तो पुढे अनेक वर्षं चालवला, आणि तरीही तेव्हा दार उघडलं नाही. आज आपण ज्या दारातून सहज आत जातो, त्याच दाराबाहेर माणसं किती काळ उभी राहिली, हे पाहुण्यांना सांगितल्याशिवाय मी त्यांना आत नेत नाही. आत्या ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

दुपारी जेवण आणि झोप. ऊन उतरल्यावर पांडवलेणी. यादीत ती नव्हतीच, मी घातली. मुंबई महामार्गालगतच्या डोंगरात ही २४ बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या बऱ्याच आहेत, म्हणून दोन ठिकाणी बसत बसत चढलो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम एका आईने दगडात कोरून ठेवलाय. आतोबांना वाचनाची आवड, त्यांना तिथून हलवणंच अवघड झालं. तपोवन त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

बुधवारी त्र्यंबक. गाडी ठरवण्याऐवजी एसटी घेतली. आतोबा पंचाहत्तरीपुढचे, त्यांना तिकीट नाही. आत्याला महिलांचं अर्धं तिकीट. आधार कार्ड मात्र मी आदल्या रात्रीच पिशवीत टाकायला लावलं होतं. पहाटेच्या गाडीने गेलो, दर्शन झालं, मग कुशावर्तावर पाय धुऊन बसलो. समोर ब्रह्मगिरी. गोदावरी तिथून निघते आणि काल आपण तिच्याच काठाने फिरलो, हे आत्याने स्वतःच जोडलं. ब्रह्मगिरी चढायचा हट्ट आतोबांनी धरला होता. त्याला मी सरळ नाही म्हटलं.

आता वणीचं बघायचंय. नवरात्र आणि चैत्रातली यात्रा सोडून डिसेंबर धरलाय. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात कामं चालू आहेत, त्यामुळे कुठला रस्ता खणलाय हे निघण्याआधी मला विचारायचं, एवढं आतोबांना सांगून ठेवलंय.