राष्ट्रीय पोशाखाचा रकाना

आमच्या विद्यापीठात दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन साजरा होतो आणि गेली तीन वर्षे त्याच्या आयोजनाचे काम माझ्याकडे आहे. मी शिकवते सूक्ष्मजीवशास्त्र. परंतु परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षाला एक प्राध्यापक हवा होता आणि ज्या बैठकीत नाव ठरले त्या दिवशी मी रजेवर होते, एवढेच माझ्या निवडीचे कारण. ध्वज किती, खाद्यपदार्थांच्या टेबलांवर कोण, नृत्य कोणाचे, पाहुण्यांना शाल द्यायची की रोप, या याद्या मी ठाण्याहून नेरूळला जाणाऱ्या लोकलमध्ये ऐरोली ते जुईनगरच्या दरम्यान पूर्ण केलेल्या आहेत. सहभागी विद्यार्थ्यांकडून एक अर्ज भरून घेतला जातो. त्यात नाव, देश, अभ्यासक्रम आणि सर्वांत शेवटी ‘राष्ट्रीय पोशाख’ असा रकाना असतो. हा अर्ज मीच तयार केला होता, त्यामुळे त्याबद्दल तक्रार करायची तर ती माझ्याकडेच करावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी.ला आलेल्या इथिओपियाच्या एका विद्यार्थिनीने तो रकाना कोरा ठेवून अर्ज परत दिला. “मॅडम, अदिस अबाबात मी जीन्स घालते. पांढरा सुती पोशाख आहे, पण तो सणाचा, आणि तो आईच्या कपाटात आहे,” असे तिने सांगितले. काही हरकत नाही, असे मी म्हणाले. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र ती पांढरा सलवार-कमीज घालून आली आणि निवेदकाने तो इथिओपियाचा पारंपरिक पोशाख असल्याचे मोठ्या उत्साहाने जाहीर केले. टाळ्याही झाल्या. तो पोशाख तिने आदल्या संध्याकाळी सीवूड्समधल्या एका दुकानातून घेतला होता.

या दिवसाची तारीख १७ नोव्हेंबर का, हे आमच्या फुग्यांनी सजवलेल्या व्यासपीठावरून आजवर कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. ऑक्टोबर १९३९ मध्ये प्राग शहरात नाझी राजवटीविरुद्धच्या निदर्शनांत यान ओप्लेताल हा वैद्यकीय विद्यार्थी गोळी लागून जखमी झाला आणि पुढे दगावला. त्याच्या अंत्ययात्रेनंतर १७ नोव्हेंबरला नऊ जणांना ठार मारण्यात आले, बाराशेहून अधिक विद्यार्थ्यांची छळछावण्यांत रवानगी झाली आणि चेक विद्यापीठांना टाळे लागले. त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळायचे १९४१ मध्ये लंडनमध्ये ठरले. म्हणजे मुळात हा दुखवट्याचा दिवस आहे. उत्सव करू नये असे मला म्हणायचे नाही, कारण वसतिगृहाच्या खोलीत एकट्या पडलेल्या मुलांना वर्षातून एकदा तरी सगळ्यांनी नावाने हाक मारलेली बरी वाटते, हे मी पाहिले आहे. पण पाहुण्याकडून आपण नेमके काय मागतो, हा प्रश्न त्या सलवार-कमीजनंतर माझ्या मनातून गेलेला नाही.

तो प्रश्न जुना आहे आणि आमच्या जिल्ह्याचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. त्यांचे १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र सर्वांनी पाहिलेले असते: साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या वेशातील सीरियाच्या सबात इस्लामबुली. महाविद्यालयाच्या समारंभाच्या दिवशी ते काढले होते. दर वर्षी महिला दिनाला ते आमच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटावर येते. त्याच आनंदीबाईंनी मार्च १८८६ मध्ये एम.डी. मिळवताना जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता, ही गोष्ट मात्र त्या छायाचित्राखाली कोणी लिहीत नाही. एकविसाव्या वर्षी एक मुलगी आपल्याकडच्या बाळंतपणाचे शास्त्र अमेरिकेतल्या परीक्षकांसमोर अभ्यासाचा विषय म्हणून ठेवते, आणि आपल्या लक्षात राहतात त्या साडीच्या निऱ्या.

इथिओपियाच्या त्या विद्यार्थिनीकडे वळते. आल्या आल्या तिची पहिली गाठ कागदपत्रांशी पडली. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते आणि वसतिगृहालाही चोवीस तासांत तिच्या मुक्कामाची माहिती कळवावी लागते. हे सगळे हल्ली ऑनलाइन होते आणि बहुधा सुरळीतही होते. तिचा एक अर्ज मात्र परत आला, कारण शाळेच्या एका दाखल्यावरचे जन्मवर्ष पारपत्रावरच्या वर्षापेक्षा आठाने कमी होते. इथिओपियाचे वर्ष तेरा महिन्यांचे असते, बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटचा पाच किंवा सहा दिवसांचा. आणि त्यांचा सन आपण वापरतो त्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालतो. हे मी फोनवर तीन वेळा समजावून सांगितले. पलीकडच्या गृहस्थांच्या मागे भिंतीवर शालिवाहन शक छापलेली दिनदर्शिका नक्की असणार, असे मला सारखे वाटत होते.

मग तिचा इंजेराचा ध्यास सुरू झाला. इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची मोठी, मऊ, आंबट पोळी. टेफ नवी मुंबईत मिळेना. वाशीच्या दाणा बाजारात तिने फोनवरचे चित्र दाखवून पाच दुकाने पालथी घातली, तेव्हा एकाने राजगिरा दिला आणि दुसऱ्याने खसखस. अखेर मी तिला घरातले नाचणीचे पीठ नेऊन दिले. तिने चिमूटभर तळहातावर घेतले, हुंगले आणि म्हणाली, “हे तर दागुसा!” तिच्या आजीच्या गावी हे पिकते आणि इंजेराच्या पिठातही मिसळतात. मग मला आठवले की नाचणीचे मूळ स्थान इथिओपिया आणि युगांडाच्या डोंगराळ भागातले मानले जाते आणि काही हजार वर्षांपूर्वी ती तिकडून भारतात आली. कोकणातला माणूस नाचणीच्या भाकरीवर जेवढा हक्क सांगतो, तेवढा तो आंब्यावरही सांगत नसेल.

वसतिगृहात शेगडी चालत नाही, म्हणून एका रविवारी ती ठाण्याला आमच्या घरी आली. आदल्या दिवशी पीठ भिजवून तिने माझ्याकडे दिले होते आणि झाकण घट्ट लावू नका एवढेच बजावले होते. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून दोन हजार तीनशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथल्या गारव्यात पीठ आंबायला दोन-तीन दिवस लागतात. आमच्याकडच्या ऑक्टोबरमध्ये ते पहाटेच उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळले. माझ्या सासूबाई सावंतवाडीच्या असून आंबोळीच्या बाबतीत त्या कोणाचेही ऐकून घेत नाहीत. त्यांनी पातेल्यात बोट बुडवून चाखले आणि निकाल दिला, “आंबट झालंय. फुगलं तेव्हाच घालायला हवं होतं.” मी त्याचा अनुवाद केला. ती म्हणाली, “आमच्याकडे ते आंबट व्हावं म्हणूनच थांबतात.” मी त्याचाही अनुवाद केला आणि दोघींपैकी कोणीच माघार घेतली नाही.

पिठाच्या वर जमलेले पिवळसर पाणी सासूबाई ओतून टाकणार होत्या. तिने ते एका बाटलीत भरून घेतले. त्याला इर्शो म्हणतात आणि पुढच्या वेळचे पीठ त्याच विरजणावर लागते. मग बिडाचा तवा तापला, तिने कडेकडून मध्याकडे गोल गोल पीठ सोडले आणि झाकण ठेवले. वर भराभर छिद्रे पडू लागली. “जाळी बरी पडली हो,” असे म्हणत सासूबाईंनी उलटण्यासाठी कालथा उचलला, तेव्हा तिने पटकन त्यांचा हात धरला. इंजेरा उलटत नाहीत. एकाच बाजूने भाजतात, आणि ज्याला आपण जाळी म्हणतो त्याला त्यांच्याकडे डोळे म्हणतात. पहिली पोळी तुटली, दुसरीही तुटली. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी न विचारता पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळली आणि ती अखंड निघाली. आम्ही ती काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबर खाल्ली.

त्या बाटलीतून तिचा प्रकल्प निघाला. एकच विरजण, तेच नाचणीचे पीठ, एक संच बावीस अंशांना आणि दुसरा तीस अंशांना. दर काही तासांनी आम्लता मोजायची आणि कोणते जिवाणू व यीस्ट वाढतात ते पाहायचे. आमच्या विभागात आंबवलेल्या पदार्थांवर दरवर्षी कोणीतरी काम करते, पण ते बहुतेक इडली नाहीतर दही. नाचणीकडे आम्ही वळलो ते तिच्यामुळे. मला देवाणघेवाण म्हणतात ती हीच वाटते, आणि ती व्यासपीठावर मावत नाही.

नेपाळच्या मुलांचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे अठ्ठावीस टक्के, नेपाळचे. (शिकायला बाहेर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२४ मध्ये तेरा लाखांच्या वर होती, हा व्यवहार किती एकतर्फी आहे ते यावरून कळावे.) नेपाळच्या मुलांना व्हिसा लागत नाही, देवनागरी येतेच, आणि दिसायलाही ती निवेदकाला पुरेशी परदेशी वाटत नाहीत, परिणामी कार्यक्रमात त्यांच्या वाट्याला खुर्च्या लावण्याचे काम येते. गेल्या दिवाळीत खानावळ बंद असताना नरक चतुर्दशीच्या सकाळी मी वसतिगृहात फराळाचे डबे घेऊन गेले, तर सुरक्षारक्षकाच्या चौकीजवळचा भटका कुत्रा गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा लावून बसलेला. त्यांच्या तिहार सणात त्या दिवशी कुत्र्याची पूजा असते आणि त्याच्या आदल्या दिवशी कावळ्याची. आपण कावळ्याला पितृपक्षात बोलावतो, असे मी सांगितले. “मग दिवाळीत त्याला विसरता का?” असे एका मुलाने विचारले. मला उत्तर सुचले नाही. सुरक्षारक्षकाने मात्र कुत्र्याला चकलीचा तुकडा दिला.

यंदाच्या अर्जातून मी ‘राष्ट्रीय पोशाख’ हा रकाना काढून टाकला आणि त्याजागी ‘सध्या काय अभ्यासत आहात आणि त्यात घरून काय आणले’ असे विचारले. छापून आलेल्या प्रतींत पोशाख पुन्हा हजर होता, कारण कार्यालयातून मुद्रकाकडे जुनीच फाइल गेली होती. मी दोनशे प्रतींवर पेनाने रेघ मारली.

ती विद्यार्थिनी सध्या सुटीसाठी घरी गेली आहे. खाण्याचे पदार्थ प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवायचे नाहीत, हा नियम मीच तिला शिकवला असल्यामुळे पोळ्यांसाठीच्या इर्शोची बाटली तिने शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवली आहे. तिची लिपीही व्यंजनाला स्वराची खूण जोडून चालते. तिथे प्रत्येक व्यंजनाची सात रूपे असतात, त्यामुळे आपली बाराखडी तिला परकी वाटली नाही आणि ती पंधरा दिवसांत लिहू लागली. बाटलीवरच्या चिठ्ठीत वरच्या ओळी तिच्या लिपीत आहेत आणि खाली देवनागरीत लिहिले आहे, ‘हे खरब झालेले नाही. टाकू नये.’ कोणीतरी लाल पेनाने ‘खरब’मधल्या ‘र’ला काना दिला आहे. बाटलीला कोणी हात लावलेला नाही.