शिसवी रंधा, नोंद ३: पाचर बसते, पण टिकते का?

शिसवाचा हा रंधा अजून बनतो आहे. आतापर्यंतची मापं एका दमात: लांबी ३०० मिमी, उंची ६०, मधला गाळा ४६, दोन्ही गालांच्या फळ्या ९-९. पातं ४४ रुंद, ४ जाड, ४५ अंशांच्या बैठकीवर, चिपब्रेकर (छिलका मोडणारी, पात्यावर बसणारी दुसरी पट्टी) नाही. पातं आवळून धरायला त्याच्यावर पाचर, पाचरीवर आडवी खुंटी. गाल अजून चिकटवलेले नाहीत, डावेल (लाकडी गोल खिळे) आणि क्लँपवर कोरडी जुळणी आहे. तशीच ठेवली ते बरं झालं, कारण पुढे कळेल.

पाचरीचा कोन विचारला की सगळे "१० अंश" म्हणून मोकळे होतात. आकडा चुकीचा नाही. पण लाकूड बदललं किंवा कुठे मेण लागलं की तेच १० अंश दगा देतात. म्हणून आधी घर्षण मोजलं.

साधन म्हणजे ६०० मिमीची शिसवी पट्टी. पाचर ज्या १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची, त्यानेच घासलेली. तिच्यावर पाचरीच्याच लाकडाचा तुकडा, रेषा पट्टीला समांतर. पट्टीचं एक टोक अडवायचं, दुसरं सावकाश उचलायचं, आणि तुकडा सुटला त्या क्षणीची उंची टिपायची. उंची भागिले ६०० म्हणजे कोनाचा साइन. हा कोन म्हणजे घर्षणकोन, आणि त्याचा टॅन म्हणजे घर्षणांक. प्रत्येक जोडीची दहा वाचनं घेऊन मधलं धरलं.

कोरडं शिसव-शिसव २१० मिमीला सुटलं, म्हणजे २०.५ अंश, घर्षणांक ०.३७. तेल नीट पुसलेलं पातं शिसवावर १२० मिमीला, ११.५ अंश, ०.२०. मग दोन्हींना मेण लावून पाहिलं: शिसव-शिसव ११० मिमी, १०.६ अंश, पातं ७० मिमी, ६.७ अंश.

तुकड्यावर २५० ग्रॅम ठेवा नाहीतर १ किलो, कोन तोच राहतो. १६९९ मध्ये आमाँतों या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला नियम इथे टेबलावर दिसतो. पण त्याची एक खोड कुलाँ या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने अठराव्या शतकातच नोंदवली होती: लाकूड लाकडावर जितका वेळ टेकून राहील तितकं स्थितिक घर्षण वाढतं. आपल्या पट्टीवर ठेवल्या ठेवल्या उचललं तर १९५ मिमी, पाच मिनिटं बसू दिलं तर २१५. त्यामुळे वरची सगळी वाचनं बरोबर एक मिनिट थांबून घेतली आहेत. दुसऱ्याच्या आकड्यांशी तुलना करणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. आणखी एक: पट्टी १९० मिमीवर धरून पेचकसाच्या मुठीने हलकी टकटक केली की तुकडा घसरतो. हे आकडे शांत पडलेल्या लाकडाचे आहेत, आणि रंधा शांत कधीच नसतो.

आता हिशोब. पात्यावर पडणारं लंबबल (पृष्ठभागाला काटकोनात दाबणारं बल) ५०० न्यूटन धरू, म्हणजे साधारण ५० किलोचा दाब. पाचर आत ठोकायला लागणारं बल = लंबबल × [टॅन(पात्याचा घर्षणकोन) + टॅन(पाचरीचा कोन + खुंटीचा घर्षणकोन)]. उपटायला लागणाऱ्या बलात दुसऱ्या टॅनमध्ये अधिकच्या जागी खुंटीच्या घर्षणकोनातून पाचरीचा कोन वजा करायचा. कोरड्या १० अंशांच्या पाचरीला ठोकायला ३९७ न्यूटन, उपटायला १९५. १५ अंशांना ४५८ आणि १५०. ६ अंशांना ३५१ आणि २३१, म्हणजे दोन्हीकडून फायदाच. मग ६ का नको? पाचरीखाली १ मिमीची सैल भरून काढायला १० अंशांची पाचर ५.७ मिमी आत जाते, ६ अंशांची ९.५. हवा कोरडी झाली, लाकूड आकसलं की तिचं टोक तोंडाशी, म्हणजे पातं तळातून बाहेर येतं त्या फटीशी, पोचतं आणि छिलके अडकायला लागतात.

पुस्तकातली अट अशी: पाचरीचा कोन दोन्ही बाजूंच्या घर्षणकोनांच्या बेरजेहून कमी असला की पाचर आपोआप सुटत नाही. इथे बेरीज ३२ अंश. म्हणजे २५ अंशांची पाचरही कागदावर पास. प्रत्यक्षात रंधा दोनदा फिरवला की बाहेर येईल. छिलका काढताना पाचर कोणी ओढत नसतं; पातं बैठकीवरून वर सरकू बघतं आणि जाताना पाचरीला सोबत नेतं. ज्या पात्याचं घर्षण आपण पाचरीच्या बाजूने मोजलं, तेच फितूर होतं. मागे उरते एकटी खुंटी. तिचा हिशोब २०.५ वजा १०, म्हणजे १०.५ अंशांचा टॅन, ५०० न्यूटनवर ९३ न्यूटन. ठोकायला सोपं जावं म्हणून पाचरीला मेण चोळलं तर १०.६ वजा १०, उरले ०.६ अंश, ५ न्यूटन! ठोकताना हाताला किती छान वाटतं, आणि पहिल्याच गाठीवर पातं मागे. म्हणून इथला ठोकताळा: पाचरीचा कोन खुंटीकडच्या घर्षणकोनाच्या निम्म्याहून जास्त नको. सागाची पाचर करणार असाल तर पट्टीची चाचणी नव्याने घ्या. साग मुळातच तेलकट.

पाचर: लांबी ८०, टोक २ मिमी, जाड बाजू १६, रेषा लांबीच्या दिशेने. बैठक मात्र ८० नंबरवरच सोडली. तिथे गुळगुळीत केलं की पाचर ठोकताना पातं तिच्यासोबत पुढे सरकतं आणि लावलेली खोली बिघडते. बैठकीची पकड पाचरीच्या पकडीहून जास्त हवी.

खुंटीने मात्र एक फेरी वाया घालवली. पहिली ८ मिमीच्या लोखंडी सळीची होती. सळी पाचरीला एका रेघेवरच टेकते. चार वेळा ठोकल्यावर पाचरीत ०.३ मिमीची खाच पडली, आणि मग पाचर दर वेळी त्याच खाचेत जाऊन बसू लागली. बारीक फेरफार संपला. घर्षणाच्या सूत्रात क्षेत्रफळ येत नाही हे खरं. पण तंतू चेपले की लंबबलच उतरतं, आणि सूत्रातला बाकी सगळा भाग त्याच्यावर उभा आहे.

नवी खुंटी शिसवी, १४×१४ चौकोनी, दोन्ही टोकं १० मिमी गोल. गालांतली भोकं १०.२ मिमी, मध्य तळापासून ४० मिमीवर, दोन्ही गाल एकावर एक आवळून एकदमच पाडलेली. खुंटी भोकात फिरते, त्यामुळे तिची सपाट बाजू आपोआप पाचरीशी जुळते. बैठक ते खुंटी फट १०.४ मिमी, पाचरीचं टोक तोंडापासून १५ मिमी वर थांबतं. ही खुंटी गाल चिकटवल्यावर आत जात नाही, म्हणून सुरुवातीची कोरडी जुळणी.

टेकण तपासायला खुंटीच्या सपाट बाजूला खडू लावा, पाचर ठोका, काढून डाग पाहा. पेन्सिल नको, ग्राफाइट वंगण आहे. पहिल्या वेळी डाग फक्त डाव्या कडेला होता. पाचरीची उजवी बाजू ०.१ मिमी जास्त घासली गेली होती. १५० नंबर काचेवर चिकटवून पाचर त्यावर सहा वेळा ओढली, डाग पूर्ण रुंदीभर आला.

पाचर सोडवायला रंध्याच्या मागच्या टोकावर मोगरीचा ठोका, पातं पुढे न्यायला पुढच्या टोकावर. पावसाळ्यात काम संपलं की पाचर सैल करूनच ठेवा: ती जाडीत फुगते, लांबीत नाही, आणि तो सगळा ताण गालांच्या चिकटावर येतो.

पुढच्या नोंदीत गाल चिकटवणं आणि तोंडाची फट. सध्या ती ०.५ मिमी आहे, सागाच्या उलट्या रेषेला जास्तच वाटते आहे.