तुम्ही विचारलंत म्हणून : चिनी संगीत म्हणजे भूपच का?

बासरी वाजवतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. "चिनी संगीत म्हणजे आपला भूप रागच ना?" स्वर तेच, सा रे ग प ध, हे खरं. पण त्यातला कुठलाही स्वर तिथे 'सा' होऊ शकतो. आपल्याकडे भूपाचा गंधार, म्हणजे ग, 'सा' धरला की मालकंस राग होतो, तसंच. आणि मुख्य म्हणजे, मी बासरीवर भूप धरला तर चीन कुणाला आठवत नाही. म्हणजे गोम स्वरांत नाही.

माझ्याकडे एक डीझी आहे, चिनी आडवी बासरी. फुंकायचं भोक आणि बोटांची भोकं यांच्यामध्ये तिला एक जादा भोक असतं. त्यावर बोरूच्या आतला, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा चिकटवायचा, तोही लसणाच्या रसाने! बारीक आडव्या सुरकुत्या राहिल्या पाहिजेत; फार ताणला तर आवाज मुका, ढिला सोडला तर फरफर. नीट बसला की सुराला झणझणीत धार येते. तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणझण, काढतात ना, त्याच जातीची हौस. एकदा पडद्याऐवजी सेलोटेप लावून पाहिली. चीन गायब, उरली साधी बासरी.

अरहू या गजाने वाजवायच्या चिनी वाद्याचंही तसंच. दोन तारा, गज त्यांच्यामध्येच अडकवलेला, तुंब्यावर अजगराचं कातडं आणि बोटाखाली पट्टीच नाही. तार हवेतच दाबायची, म्हणून सूर माणसासारखा कापतो.

पण मला विचाराल तर खरं चीन गूचिन या तारा छेडून वाजवायच्या वाद्यामध्ये. सात तारा, पूर्वी रेशमाच्या. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात ग्वान फिंगहू यांनी वाजवलेलं गूचिन आहे, आणि त्याच्या लगेच पुढे आपल्या गायिका केसरबाई केरकर. दोन्ही लागोपाठ ऐका. केसरबाईंचा सूर भरलेला, कुठे फट नाही. गूचिनची तार छेडली की सूर विरत जातो आणि डावा हात मात्र तारेवरून घसरतच राहतो. शेवटी सूर संपतो, बोट तारेवर घासल्याची खसखस तेवढी ऐकू येते. वादकाच्या लेखी तीही वादनातच जमा.

ऐकताना पंखा बंद ठेवा.