एलिमेंटल चालला की पडला? माझ्या हिशेबाची गोष्ट

जून 2023 मध्ये पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा 'एलिमेंटल' हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि पहिला रविवार सरतो न सरतो तोच तो पडल्याच्या बातम्या आल्या. उन्हाळा संपता संपता त्याच चित्रपटाबद्दल 'उशिरा का होईना, हिट झाला' असं लिहिलं जाऊ लागलं. मला दोन्ही निकाल घाईचे वाटले. मी ॲनिमेशनमध्ये काम करते. पुस्तक, खेळणं किंवा आधीचा भाग यांपैकी कशावरही न बेतलेली, कोरी कथा पडद्यावर येते तेव्हा तिच्या गल्ल्याकडे आमच्या क्षेत्रातले लोक जीव मुठीत धरून बघत असतात. पुढच्या नव्या कथेला पैसे मिळणार की आणखी एक सिक्वेल निघणार, हे बरंचसं त्यावर ठरतं. म्हणून हा हिशेब स्वतः एका तक्त्यात मांडायचं ठरवलं.

आकडे मिळवणं अवघड नाही. बॉक्स ऑफिस मोजो आणि द नंबर्स या साइट्सवर गल्ला दिलेला असतो. फक्त एक पथ्य पाळावं लागतं. रविवारी जाहीर होतो तो स्टुडिओचा अंदाज असतो, कारण त्या दिवसाचे खेळ तेव्हा संपलेलेही नसतात. खरा आकडा सोमवारी येतो, म्हणून मी सोमवारचाच धरला. आणि तिथे 'डोमेस्टिक' म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून; पुढे मी 'अमेरिकेत' म्हणते तेव्हा हाच आकडा असतो.

एलिमेंटलचे पहिले तीन दिवस 2.96 कोटी डॉलरचे. पिक्सारची 1995 च्या 'टॉय स्टोरी'नंतरची ही सगळ्यात कमी सुरुवात, असं सगळीकडे छापून आलं होतं. ते खरं आहे, पण त्यात वस्तुस्थिती थोडी सौम्यच झाली. टॉय स्टोरीने 2.91 कोटी कमावले तेव्हा अमेरिकेत तिकिटाचा सरासरी दर 4.35 डॉलर होता. 2023 मध्ये तो दहाच्या वर गेला होता. म्हणजे टॉय स्टोरीची साधारण 67 लाख तिकिटं गेली असतील आणि एलिमेंटलची 30 लाखही नाहीत. लहान मुलांची तिकिटं स्वस्त असतात, तेव्हा हे गणित ढोबळ आहे. तरी सुरुवात वाईट होती, यात शंका उरत नाही.

मग प्रश्न आला, की पहिले तीन दिवस नेमकं काय मोजतात? माझं ठाम मत असं, की ते ओळख मोजतात. पात्रं ओळखीची असली की लोक पहिल्याच दिवशी जातात. 'इनसाइड आउट 2'ने जून 2024 मध्ये पहिल्या तीन दिवसांत 15.42 कोटी डॉलर कमावले. एलिमेंटलचा अमेरिकेतला अख्खा गल्ला 15.44 कोटी. एकाला जे तीन दिवसांत मिळालं, ते दुसऱ्याने पूर्ण उन्हाळाभर थोडंथोडं गोळा केलं. अशा दोघांना पहिल्या रविवारी एकाच मापाने मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

मात्र नव्या कथेची सुरुवात कमीच असणार, असं म्हणून सुटता येत नाही. पहिला 'इनसाइड आउट' हीसुद्धा नवीच कथा होती आणि 2015 मध्ये तिने तीन दिवसांत 9.04 कोटी कमावले होते. 2017 मध्ये 'कोको'ने शुक्रवार ते रविवार 5.08 कोटी केले. मधल्या काळात महामारी आली आणि 'सोल', 'लुका' आणि 'टर्निंग रेड' हे तिन्ही चित्रपट अमेरिकेत थेट डिस्ने प्लस या स्ट्रीमिंग सेवेवर दाखवले गेले. तिन्ही नव्या कथा. पिक्सारची नवी कथा घरबसल्या बघायची सवय कुटुंबांना पिक्सारची मालक कंपनी डिस्नेनेच लावली होती. मग थिएटर रिकामं राहिलं की दोष कथेच्या माथी मारायचा, हे मला आजही खटकतं.

पुढची पायरी घसरणीची. दुसऱ्या वीकेंडला गल्ला किती टक्क्यांनी उतरला, यावरून चित्रपटाबद्दल लोक एकमेकांना काय सांगतायत ते कळतं. एलिमेंटल दुसऱ्या वीकेंडला 1.84 कोटींवर आला, म्हणजे घसरण जेमतेम 38 टक्के. तिसऱ्या वीकेंडलाही साधारण एक तृतीयांशच. एकूण गल्ल्याला सुरुवातीच्या आकड्याने भागलं की येतो तो मल्टिप्लायर, एलिमेंटलचा 5.2. मोठ्या उन्हाळी चित्रपटांत हा आकडा दुर्मीळ आहे. दक्षिण कोरियात तर 70 लाखांहून जास्त प्रेक्षकांनी तो पाहिला. दिग्दर्शक पीटर सोन यांचे आईवडील तिथून अमेरिकेत आलेले, आणि परक्या शहरात दुकान थाटणाऱ्या कुटुंबाची ही कथा तिथल्या लोकांना आपली वाटली. जगभरचा गल्ला 49.6 कोटींपर्यंत पोचला.

मल्टिप्लायर वाचताना कॅलेंडर जवळ ठेवावं लागतं, हे मला 'मायग्रेशन'ने शिकवलं. इल्युमिनेशन या दुसऱ्या ॲनिमेशन स्टुडिओचा हा चित्रपट 22 डिसेंबर 2023 ला आला. तीन दिवसांत फक्त 1.24 कोटी आणि शेवटी अमेरिकेत सुमारे 12.7 कोटी, म्हणजे दहापट. हा टिकाव थक्क करणारा आहेच, पण त्याचा पहिला रविवार 24 डिसेंबरचा, लोक घरी सणाच्या तयारीत. आणि त्यानंतर मुलांना सुट्टी. सुरुवातीचा आकडा तारखेमुळेच दबला होता. जूनमधल्या 5.2 शी डिसेंबरमधले 10 ताडून बघण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो खर्चाच्या बाजूवर. एलिमेंटलचं निर्मितीचं बजेट 20 कोटी डॉलर. गल्ला 49.6 कोटी, म्हणजे फायदाच फायदा, असं पहिल्या नजरेला वाटतं. पण गल्ला म्हणजे प्रेक्षकांनी तिकिटाला मोजलेले पैसे. त्यातला मोठा भाग चित्रपटगृहांकडे राहतो. स्टुडिओच्या हाती अमेरिकेत ढोबळमानाने निम्मे येतात, बाहेरच्या देशांत चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि चीनमध्ये साधारण पाव. याशिवाय जाहिरातीचा खर्च बजेटमध्ये धरलेला नसतो, आणि इतक्या मोठ्या चित्रपटाचा तो सहज कोट्यवधी डॉलर असतो. म्हणूनच बजेटच्या अडीच पट गल्ला झाला की चित्रपट तरला, असा आडाखा प्रचलित आहे. एलिमेंटलला तो लावला की रेघ 50 कोटींवर येते आणि चित्रपट तिला जवळपास टेकून उभा राहतो.

मी वाटे वेगळे काढून पाहिले. अमेरिकेतून 7.7 कोटी, बाहेरून सुमारे 13.7, मिळून 21.4 कोटी. म्हणजे निर्मितीचा खर्च थिएटरमधूनच निघाला. जाहिरातीच्या खर्चाचा बराचसा भाग पुढच्या कमाईवर राहिला असावा. पिक्सारचे अध्यक्ष जिम मॉरिस यांनी मात्र ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलं, की थिएटरच्या कमाईतच खर्च निघून थोडं वर उरेल आणि पुढे स्ट्रीमिंग, थीम पार्क आणि खेळणी आहेतच. खऱ्या वह्या त्यांच्याकडे आहेत, त्यामुळे माझ्या ढोबळ गणितावर मी अडून बसत नाही. पुढे डिस्ने प्लसवर पहिल्या पाच दिवसांत त्याला 2.64 कोटी व्ह्यूज मिळाले.

या थिएटरनंतरच्या कमाईचं काय करायचं, यावर माझा निर्णय असा: तिकीटबारीचा निकाल आणि चित्रपटाचा निकाल वेगळे लिहायचे. डिस्नेच्या 'एन्कॅन्टो' या ॲनिमेशनपटाने हे भाग पाडलं. नोव्हेंबर 2021 मध्ये तो आला, तीसच दिवसांनी घरी दिसू लागला आणि जगभरात 25 कोटींच्या थोडं वर थांबला. अडीच पटीच्या आडाख्याने नापास. पण जानेवारीत त्याच्या गाण्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. तिकीटबारीवर तो कमी पडला हे खरंच आहे, आणि त्या वर्षी मुलांच्या तोंडी सगळ्यात जास्त असलेल्या चित्रपटांत तो होता, हेही तितकंच खरं.

माझ्या तक्त्याची कसोटी लागली ती जून 2025 मध्ये, 'एलिओ'च्या वेळी. पुन्हा पिक्सार, पुन्हा नवी कथा. थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत एलिमेंटलला ए, म्हणजे उत्तम, असा शेरा दिला होता, एलिओलाही ए दिला. सुरुवात 2.08 कोटी, पिक्सारच्या इतिहासातली नीचांकी. मनापासून वाटत होतं की हाही सावकाश वर येईल. दुसऱ्या वीकेंडला गल्ला जवळपास निम्म्यावर आला, मल्टिप्लायर साडेतीनच्या आसपास राहिला आणि जगभरची कमाई साधारण 15.4 कोटींवर थांबली. बजेटच 15 कोटींच्या घरातलं सांगितलं जातं. तिकीटबारीच्या रकान्यात 'अपयशी' लिहिताना मला वाईट वाटलं, पण आकड्यांत दुसरं काही लिहायला जागाच नव्हती. ज्यांनी पाहिला त्यांना आवडला. पाहायला आले तेच थोडे.

एलिमेंटलपुढे मी 'टिकाव उत्तम, खर्चाच्या काठावर' असं लिहिलंय. आणि मायग्रेशनपुढे नि:शंकपणे 'यशस्वी', कारण सुरुवात निम्म्याहून कमी असूनही त्याचं बजेट 7.2 कोटी होतं आणि जगभरचा गल्ला 30 कोटींच्या जवळ, म्हणजे चौपट. एलिमेंटल 10 कोटींत झाला असता तर त्याच्यावर वाद घालायचं कुणाला कारणच उरलं नसतं. अर्थात हे बोलणं सोपं आहे. इल्युमिनेशनचं ॲनिमेशन पॅरिसमध्ये होतं, पिक्सारचे कलाकार कॅलिफोर्नियात पगारावर असतात, आणि वाचवलेला पैसा ॲनिमेटरच्याच खिशातून कापला जाणार असेल तर तसं स्वस्त बजेट मला नको आहे.