आमची वाटचाल : ०.०२ डीबीचा वाद

२००४ साली भोसरीत दहा बाय चौदाच्या गाळ्यात ऑप्टिकल फायबरचे मीटर तपासून कॅलिब्रेट करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा एक जुनं स्प्लायसिंग (फायबर जोडायचं) मशीन, एक लेसर सोर्स आणि काका, एवढंच आमचं भांडवल होतं. काका नात्याने कोणी नव्हेत. एका प्रयोगशाळेच्या इन्स्ट्रुमेंट सेक्शनमधून निवृत्त झालेले, आणि माझे निम्मे भागीदार. २००१ च्या टेलिकॉम मंदीनंतर परदेशातली चांगली चांगली ऑप्टिकल इन्स्ट्रुमेंट्स सेकंडहँड बाजारात पडेल भावाने यायला लागली होती. त्यातच आम्हाला प्रकाशलहरी कोणत्या दिशेने डोलतात, म्हणजे पोलरायझेशन, ते मोजणारा एचपीचा ८५०९ पोलरायझेशन अ‍ॅनालायझर मिळाला.

त्यानंतर पोलरायझेशन हवं तसं फिरवणारा कंट्रोलर घ्यायला पैसे उरले नाहीत. काकांनी पीव्हीसी पाइपच्या तीन टोपणांवर फायबर गुंडाळून तो घरीच बनवला. मधल्या टोपणावर कडेच्यांच्या दुप्पट वेढे, म्हणजे फरक पडतो अनुक्रमे पाव लहर, अर्धी लहर, पाव लहर. टोपणांना कानशीने खाच पाडली आणि खाचेची कड कितीदा तरी बोटाने चाचपून बघितली, कारण बारीकशी धार राहिली तरी फायबरवर ताण येतो आणि मग पोलरायझेशनची स्टेट कुठेही पळते. तो कंट्रोलर अजून आमच्या टेबलावर आहे आणि अजून चालतो.

पहिलं मोठं काम आलं नाशिकहून. अंबडला कपलर (फायबरमधला प्रकाश वाटून देणारे भाग) बनवणाऱ्या एका साहेबांचा पोलरिमीटर (पोलरायझेशन मोजणारा मीटर) डीओपी, म्हणजे प्रकाशाचा किती भाग पोलराइझ्ड आहे तो आकडा, १०४ टक्के दाखवत होता. शंभराच्या वर डीओपी असूच शकत नाही. म्हणजे मीटरमधल्या चारपैकी एखादा डिटेक्टर खोटं बोलतोय, हे उघड होतं. पण गंमत अशी की उन्हाळ्यात मीटर ठीक, पावसाळ्यात बिघडलेला. दोन ठिकाणांहून तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आला होता. काकांनी बोर्ड उघडून भिंग लावलं. तिसऱ्या फोटोडायोडच्या अ‍ॅम्प्लिफायरमधल्या फीडबॅक रेझिस्टरभोवती सोल्डरिंगचा फ्लक्स तसाच राहिलेला. हवेतला ओलावा धरला की त्यातून करंट गळायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड धुतला, रात्रभर कोमट ठेवला, पुन्हा कॅलिब्रेट केला. त्यानंतर साहेबांनी मीटर दुसरीकडे कधीच पाठवला नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं कामात गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

२०१४ मध्ये आमच्याकडेच सहा वर्षं शिकलेल्या मुलाने वेगळी लॅब काढली. काढू दे, प्रत्येकाला हक्क आहे. पण त्याने आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडे जाऊन त्यांचा पीडीएल मीटर (पोलरायझेशन बदललं की प्रकाशाचं नुकसान किती बदलतं ते मोजणारा) तपासला आणि लिहून दिलं की मीटरचा स्वतःचा शिल्लक पीडीएल ०.०३ डीबी (डेसिबल) आहे. आमच्या सर्टिफिकेटवर ०.०१ होता. परचेस खात्याने मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुम्ही मोजता तरी का, की नुसतं स्टिकर चिकटवता?’ तीन बिलं अडकवली. महिनाभरात ही बातमी आणखी दोन कंपन्यांत पोचली आणि तिथलीही कामं थांबली.

मला झोप लागेना. काकांनी मात्र एकच गोष्ट विचारली, ‘त्याने डिटेक्टरला पॅचकॉर्ड कुठली लावली?’ पॅचकॉर्ड म्हणजे जोडायची फायबरची तार.

मी पुन्हा त्या ग्राहकाकडे गेलो, पास काढून दोन तास गेटवर बसलो, आणि त्यांच्याच इंजिनिअरसमोर त्यांच्याच मीटरवर मोजलं. आधी डिटेक्टरच्या बाजूला सरळ पॉलिशची पॅचकॉर्ड : ०.०१. मग टोक आठ अंशांनी तिरकं पॉलिश केलेली, एपीसीची : ०.०३. काच संपून हवा लागते तिथे पृष्ठभाग तिरका असला की प्रकाशाची पी आणि एस ही दोन पोलरायझेशनं सारखी बाहेर पडत नाहीत. आकडेमोड करून बघा, फरक ०.०१८ डीबी येतो. म्हणजे मीटर निर्दोष होता आणि आमचं सर्टिफिकेटही बरोबर होतं. त्या मुलाच्या रिपोर्टवर अनिश्चिततेची, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो त्याची, ओळसुद्धा नव्हती. इंजिनिअरने मान डोलावली, रीडिंगवर सही केली. परचेसने काम तरीही परत दिलं नाही, कारण दुसरीकडचा दर कमी होता. माफी तर दूरच.

त्या वर्षी आम्ही ८५०९ विकायला काढला होता, गिऱ्हाईकही ठरलं होतं. तेव्हा अंबडच्या साहेबांचा फोन आला. कुठून तरी कानावर गेलं असावं. त्यांनी दोन वर्षांच्या कॅलिब्रेशनचे पैसे आगाऊ पाठवले. म्हणाले, ‘बिल नंतर करा. मशीन मात्र काकांच्याच हाताखालून जाऊ दे.’ ८५०९ घरातच राहिला.

नव्याने या कामात येणाऱ्यांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. सोर्स चालू करून दोन तास थांबा. लेसरची पॉवर सरकत असेल तर ती तुम्हाला पीडीएल म्हणून दिसेल. फायबर टेबलाला टेपने चिकटवा, मोजताना हात लावू नका, शेजारून कोणी जात असेल तर त्यालाही थांबवा. फेरूल, म्हणजे कनेक्टरचं टोक, प्रत्येक वेळी स्कोपखाली बघून मगच जोडा. शर्टाच्या टोकाने पुसणारा माणूस कितीही हुशार असो, त्याला लॅबमध्ये घेऊ नका. कमी आकडा आला म्हणून खूश होण्याआधी दुसऱ्या पॅचकॉर्डने तो पुन्हा येतो का ते बघा. आणि रिपोर्टवर अनिश्चितता लिहा, ग्राहकाने मागितली नसली तरी.

आता पीएमडीची (पोलरायझेशनमुळे फायबरमध्ये सिग्नल किती पसरतो ते मोजायची) कामं कमी झाली आहेत. पोलरायझेशन टिकवणाऱ्या पीएम फायबरचा एक्स्टिंक्शन रेशो, म्हणजे तो ते किती नीट टिकवतो, ते मोजणं वाढलंय, बरीचशी कामं जायरोवाल्यांची (फायबर वापरून वळण मोजणारी यंत्रं बनवणाऱ्यांची). काका गेल्याला चार वर्षं झाली. मुलगी आता बेंचवर बसते आणि हात काकांसारखाच हलका ठेवते.

ती तिरकी पॅचकॉर्ड मी वेगळ्या डबीत ठेवली आहे, सही केलेल्या रीडिंगच्या कागदासकट. तीन बिलांचे पैसे अजून आलेले नाहीत. दर मार्चमध्ये मी त्यांना पत्र पाठवतो.