कुठवर पोचलात?

‘इतकी वर्षं ताजबागेत जाऊन राहिले, काही भेटलं का मग?’ हा प्रश्न मला नागपुरात नाना परींनी विचारला जातो. ताजबाग म्हणजे इथला ताजुद्दीन बाबांचा दर्गा. महाल भागातल्या वाचनकट्ट्यावर तो सोवळं नेसून येतो: ‘सूफी साधनेत आपली प्रगती कितपत?’ शेजारी सरळ विचारतात, ‘काही अनुभव?’ घरचं पोरगं तर ‘तुमची लेव्हल कोणती?’ म्हणून मोकळं होतं. परवा फोनवर तुम्ही विचारलंत तेही यातलंच, फक्त अदबीने. सूफींच्या मते माणूस देवाच्या जवळ कसा जातो, आणि तुम्ही कुठवर पोचलात? पहिल्याचं उत्तर जमेल तसं देतो. दुसऱ्याचं का देणार नाही, ते त्यातच येईल.

आधी माझी पायरी सांगतो. मी मुसलमान नाही, कुणा पिराचा मुरीद, म्हणजे शिष्य नाही. सक्करदऱ्याला घर, नोकरी हिशेबखात्यात झाली, आणि वाचनाच्या नादाने उर्दू शिकलो. तेव्हा हे वाचलेल्या-ऐकलेल्या माणसाचं बोलणं आहे. अकराव्या शतकातले मोठे इस्लामी पंडित गझाली यांनी या फरकावर नेमकं बोट ठेवलंय. निरोगी असणं म्हणजे काय हे वैद्याला तोंडपाठ असतं, पण म्हणून तो स्वतः निरोगी असतोच असं नाही. हे त्यांना स्वतःबद्दलच वाटलं, आणि १०९५ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशातली मानाची जागा सोडून ते निघून गेले. मी पेन्शन सोडलेली नाही.

आता वाटेबद्दल. सूफींनी तिचे नकाशे फार बारकाईने काढलेत. दहाव्या शतकातले अबू नस्र सर्राज सात मुक्काम सांगतात. तौबा म्हणजे पश्चात्ताप करून मागे फिरणं, मग वरअ, म्हणजे जिथे हलाल-हरामची शंका आहे तिथेही हात आखडता घेणं, मग जुहद म्हणजे वैराग्य, फक्र म्हणजे फकिरी, सब्र म्हणजे धीर, तवक्कुल म्हणजे सगळा भार देवावर टाकणं, आणि शेवटी रजा, म्हणजे तो ठेवील त्यात मनापासून राजी असणं. हेरातचे अब्दुल्ला अन्सारी (१००६–१०८९) यांनी तर शंभर मुक्काम मोजलेत. यादी वाचली की आपल्यासारख्याला लगेच वाटतं, आपण तिसऱ्यावर असू, फार तर चौथ्यावर. सगळा घोळ इथेच होतो.

कारण नकाशा काढणाऱ्यांनीच त्यावर दोन अटी घातल्यात. नैशापूरचे कुशैरी म्हणतात, हातातल्या मुक्कामाची सगळी देणी फिटल्याशिवाय पुढचा धरू नये. वैराग्य जमलं नाही आणि तवक्कुल मात्र साधलं, असं होत नाही. दुसरी अट याहून कडक. मुक्काम मेहनतीने मिळतो, पण ‘हाल’ मिळत नाही, दिला जातो. भरून येणं, उमाळा, ती ओढ, कधी एकदम काळजात पसरणारी शांतता, हे सगळे हाल. येतात आणि जातात. लोक ज्याला ‘अनुभव’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाल असतो, आणि त्यात आपली कमाई शून्य. आलेल्या पाहुण्याला आपली इस्टेट म्हणून दाखवायचं कसं?

शिवाय जवळ जायचं म्हणताना अंतर कुणी ठेवलंय तेही पाहायला हवं. कुराणातच (५०:१६) देव म्हणतो, मी माणसाला त्याच्या गळ्याच्या शिरेहून जवळ आहे. म्हणजे त्याच्या बाजूने अंतर नाहीच. आडवा येतो तो नफ्स, आपल्यातला ‘मी-मी’. त्याच्या तीन अवस्था कुराणातल्याच शब्दांवरून सांगतात: वाईटाकडे ढकलणारा अम्मारा, स्वतःला टोचणारा लव्वामा, आणि निवलेला मुतमइन्ना. वाढ व्हायची ती इथे, आणि ती बहुधा घटीच्या रूपात दिसते. राग येण्याआधी एक श्वास मिळतो. कुणी आपलं नाव घेतलं नाही तरी जेवण गोड लागतं. बगदादच्या हारिस मुहासिबींना (मृत्यू ८५७) त्यांचं नावच या रोजच्या झाडाझडतीवरून पडलं. जन्म जमाखर्चात गेल्यामुळे असेल, हा माणूस मला फार जवळचा वाटतो. त्यांनी सगळ्यात खोल खणला तो ‘रिया’, म्हणजे दाखवण्यासाठी केलेली भक्ती. चार लोकांत प्रार्थना जरा लांबते का? आपण साधेपणाने राहतो हे दुसऱ्याला कळावं असं आत कुठे वाटतं का? हे प्रश्न वाचताना खुर्चीत नीट बसवत नाही.

नवव्या शतकात नैशापुरातच मलामती म्हणून लोक होते. ते याच धाकाने आपलं चांगलं लपवत आणि लोकांनी नावं ठेवली तर ठेवू देत. मी काही मलामती नाही. पण ‘कुठवर पोचलात’ला उत्तर देण्याआधी त्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. पोचलो म्हणालो तर तो नफ्स बोलला, आणि ‘छे, मी कुठला पोचतोय’ म्हणालो तर तोच नफ्स गळ्यात तुळशीची माळ घालून बोलला.

एक गैरसमज इथेच मिटवतो. आपल्याकडे सूफी म्हणजे नमाज-रोजा बाजूला ठेवून कव्वाली, असं फार जण धरून चालतात. बुखारीच्या संग्रहातली एक हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सूफींची फार लाडकी आहे. तीत देव सांगतो, फर्ज, म्हणजे बंधनकारक, केलेल्या गोष्टींहून मला प्रिय असं काही घेऊन बंदा, म्हणजे माझा दास, माझ्या जवळ येत नाही; मग तो नफल करत करत, म्हणजे नेमाहून जास्तीचं करत करत जवळ येत राहतो, मी त्याच्यावर प्रेम करू लागतो, आणि मग त्याचे कान मी होतो, डोळे मी होतो. शेवटचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पहिलं वगळून ते घेणं म्हणजे फुकटेपणा, हे माझं मत.

आणि ते शेवटचं वाक्यही शेवट नाही. स्वतःचं भान विरून जाणं म्हणजे फना. त्या नशेत नवव्या शतकातले सूफी बायझीद बिस्तामी काय काय बोलून गेले. बगदादच्या जुनैदांचा (मृत्यू ९१०) कल मात्र शुद्धीकडे: विरून झाल्यावर परत माणसांत यायचं, हातपाय देवाच्या मर्जीने चालवायचे. त्याला बका म्हणतात. पुढे सरहिंदचे शेख अहमद (१५६४–१६२४) तर म्हणाले की एकरूप झाल्याचा भास हा मधला टप्पा, सगळ्यात वरचा मान बंदा असण्याचा. आपल्या तुकोबांनी मुक्ती नको म्हणून संतसंग मागितला, त्याच्या हे किती जवळचं! तरी दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागून असली तरी दार वेगळं असतं.

मग ताजुद्दीन बाबा यात कुठे बसतात, हे तुम्ही विचारणारच. २७ जानेवारी १८६१ ला कामठीत जन्म, लहानपणीच पोरके. फौजेत भरती झाले, पलटण सागरला गेली, तिथे दाऊद चिश्तींच्या दर्ग्यात रात्र रात्र बसू लागले आणि नोकरी सुटली. कामठीत परत आल्यावर लोकांनी वेडा ठरवलं. पोरांनी दगड मारले. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकलं, आणि वर्षानुवर्षं लोक तिथेही दर्शनाला जात राहिले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून सक्करदऱ्याच्या वाड्यावर आणलं. १७ ऑगस्ट १९२५ ला बाबा गेले. चमत्कारांच्या गोष्टी तुम्हाला कुठल्याही रिक्षावाल्याकडून ऐकायला मिळतील, त्या मी सोडतो.

सूफींच्या भाषेत असा माणूस मजजूब, एका हिसक्यात ओढला गेलेला. पायरीपायरीने चालतो तो सालिक. बगदादचे शहाबुद्दीन सुहरावर्दी (मृत्यू १२३४) म्हणतात, नुसता सालिक गुरू व्हायच्या लायक नाही आणि नुसता मजजूबही नाही. ज्याने ओढही भोगली आणि वाटही चालली, त्यानेच दुसऱ्याचा हात धरावा. बाबांना कोणत्या खणात ठेवायचं या वादात मी पडत नाही. पण त्यांच्याकडे पाहून एक कळतं: कामठीच्या रस्त्यावर त्यांची ‘लेव्हल’ कुणी विचारली असती, तर उत्तर पागलखाना आलं असतं.

बाहेरून काहीच ओळखू येत नाही का? खुरासानच्या अबू सईदांना (९६७–१०४९) लोकांनी सांगितलं, अमका पाण्यावर चालतो. ते म्हणाले, बेडूकही चालतो. तमका हवेत उडतो. माशीही उडते. खरा माणूस तो, जो लोकांत ऊठबस करतो, बाजारात देणंघेणं करतो, संसार करतो आणि एक क्षण देवाला विसरत नाही. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांनी (मृत्यू १३२५) इबादतीचे, म्हणजे उपासनेचे, दोन भाग केले. एकीचा फायदा करणाऱ्यापुरता: नमाज, रोजा, जप. दुसरीचा दुसऱ्याला होतो, आणि तिच्या पुण्याला मोजमाप नाही.

ताजबागेत एक म्हातारा चपलांपाशी उभा असतो. लोक उतरवून आत जातात आणि हा प्रत्येक जोड उचलून तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवतो, म्हणजे येणाऱ्याने नुसते पाय घालावेत. पैसे घेत नाही. एकदा एका चपलेचा अंगठा निघाला होता. त्याने शर्टाची सेफ्टी पिन काढून आतून लावली, तळ खालून बोटाने चाचपला आणि चप्पल होती तिथे ठेवली. मी कौतुकाने म्हणालो, ‘काका, ही मोठी इबादत झाली.’

‘काय की बाप्पा,’ तो म्हणाला. ‘लोकं वाकून चपला शोधतेत अन् मागच्याचा धक्का लागून पडतेत. म्हणून करून राहिलो. तुम्ही बाजूला सरका जरा.’

तर असं आहे. तुम्हाला यायचंच असेल तर उरूस टाळा, तेव्हा उमरेड रोडवरच दोन तास जातात. गुरुवारीही गर्दी असते. मधल्या एखाद्या वारी सकाळी या, डोक्याला रुमाल आणा, आणि चमत्काराबद्दल विचारायचं असेल तर मला नका विचारू, रिक्षावाल्याला विचारा.